काळ्या पाण्यावरची सहल

'काळे पाणी' हा शब्द मराठी माणसाच्या कानांवर प्रथम पडतो तो शिक्षेचा शब्द म्हणून. जन्मठेप, कोलू, काथ्या कुटणे आणि चहूबाजूंनी समुद्र, हे चित्र त्या शब्दाबरोबरच डोळ्यांसमोर उभे राहते. त्याच पाण्यावर आज माणसे रजा काढून, पदरचे पैसे खर्चून आणि पोहण्याचे कपडे बरोबर घेऊन जातात. अंदमानला जाणाऱ्या विमानात नवविवाहित जोडपी असतात, आजी-आजोबांसह निघालेली कुटुंबे असतात, आणि अधूनमधून दोन मित्रही असतात. शाळेत एका बाकावर बसलेले, आता एक इंदुरात आणि दुसरा बेळगावात नोकरी करणारा, आणि वीस वर्षांत लग्नमुंजींखेरीज कधी निवांत न भेटलेले असे दोन मित्र. अशा मित्रांनी आठवडाभर बेटांवर राहण्याचा बेत कसा आखावा, याचा विचार करण्यासारखा आहे. कारण महाबळेश्वरचा बेत बिघडला तर माणूस मोटारीत बसून घरी येतो. बेटावर बिघडला तर बोट सुटेपर्यंत तो तिथेच असतो, आणि मित्रही तिथेच असतो.

अंदमान-निकोबार द्वीपसमूहात लहानमोठी बेटे, खडक धरून आठशेंच्या वर भरतात; वस्ती आहे ती चाळिसांच्या आतच. प्रवाशाला त्यांतील पाच-सहांशीच कर्तव्य असते. निकोबारची बेटे सामान्य प्रवाशाला खुली नाहीत. राजधानीचे पोर्ट ब्लेअर चेन्नईपासून तेराशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. २०२४ च्या सप्टेंबरात या शहराचे नाव श्री विजयपुरम असे ठेवण्यात आले. त्याआधी २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉक बेटाचे स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले. जुन्या मार्गदर्शिका घेऊन निघालेल्यांनी दोन्ही नावे लक्षात ठेवावीत. बोलण्यात अजून जुनीच नावे फिरतात, तिकिटांवर मात्र नवीही आढळतात.

चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानाने दोन-अडीच तास लागतात, जहाजाने सुमारे तीन दिवस. आठवड्याची रजा असलेल्याने जहाजाचा मोह टाळलेला बरा, कारण जाण्यायेण्यातच रजा संपेल. केंद्र सरकारच्या नोकरांना रजा-प्रवास सवलतीखाली अंदमानला विमानाने जाण्याची विशेष मुभा वेळोवेळी मुदत वाढवून दिली गेली आहे. अर्जापूर्वी ताजे परिपत्रक पाहून घ्यावे. मित्र कितीही जिवलग असला तरी त्या नियमांच्या दृष्टीने तो कुटुंबात मोडत नाही, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

आता केव्हा जायचे? नैर्ऋत्य मोसमी वारे भारतात सर्वांत आधी याच बेटांवर पोहोचतात, आणि तेही मे महिन्याच्या मध्यास. त्यानंतर सप्टेंबरापर्यंत पाऊस असतो. तो सरतो न सरतो तोच ईशान्येकडचा पाऊस आणि उपसागरातील वादळे यांचे दिवस येतात, आणि ते डिसेंबरापर्यंत लांबू शकतात. समुद्र शांत आणि पाणी नितळ असण्याची शक्यता अधिक ती जानेवारी ते एप्रिल या काळात. नाताळची सुटी सोयीची म्हणून तीच धरणारे पुष्कळ असतात, आणि म्हणूनच त्या दिवसांत खोल्या महाग आणि बोटी भरलेल्या असतात. शाळकरी मुले बरोबर नसलेल्या दोन मित्रांनी फेब्रुवारीचा एखादा आठवडा का निवडू नये?

परंतु महिना ठरला म्हणजे बेत ठरला असे नव्हे. बेटावर घड्याळापेक्षा आणि दिनदर्शिकेतल्या तारखेपेक्षा तिथी महत्त्वाची असते, आणि ही गोष्ट कोकणातल्या माणसाला सांगावी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवसाच्या भरतीची वेळ निघते, हा हिशेब तिकडचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो कोकण किनाऱ्याचा आहे. अंदमानात पौर्णिमा-अमावास्येची पूर्ण भरती बाराला येत नाही. ती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, आणि पुन्हा रात्री तितक्याच वाजता येते, आणि ओहोटीचा तळ दुपारी तीन-चारच्या आसपास असतो. म्हणजे कोकणचा आकडा तिकडे नेल्यास त्यातून दोन-अडीच तास वजा करावे लागतात. ज्याला नेमका आकडा हवा त्याच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. शिवाय किनाऱ्यावरचा कोणताही नावाडी त्या दिवसाची वेळ तोंडपाठ सांगतो.

दोन्हीकडे सारखी आहे ती भरतीची चाल. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. एका दिवसात हा फरक जाणवत नाही. सात दिवसांत मात्र तो जवळजवळ सहा तासांचा होतो, आणि सहा तास म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंतचे अंतर. याचा अर्थ असा की पहिल्या दिवशी सकाळी जिथे छातीभर पाणी होते तिथे आठवडा संपताना त्याच वेळी उघडे खडक आणि मेलेले प्रवाळ दिसू लागतात. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर विजयनगरची पुळण आहे. निवासाच्या पुष्कळ जागा त्याच बाजूला आहेत. भरतीला तिथले पाणी पाचूसारखे दिसते. ओहोटीला ते इतके दूर जाते की पोहण्याची गोष्टच सोडावी. 'रोज सकाळी पोहायचे, दुपारी हिंडायचे' असे वेळापत्रक घरी बसून आखणारे दोघे मित्र चौथ्या-पाचव्या दिवशी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभे राहतात आणि हॉटेलवाल्याने फसवले असे एकमेकांना सांगतात. फसवलेले असते चंद्राने, आणि तेही आगाऊ सूचना देऊन.

म्हणून रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी पंचांग उघडावे. पौर्णिमा किंवा अमावास्या मध्ये धरून आठवडा घेतला तर उधाण मिळते: भरती मोठी, ओहोटीही मोठी. नील बेटावर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याला लाटांनी कोरलेली एक नैसर्गिक दगडी कमान आहे. तिथवर ओहोटीलाच चालत जाता येते, आणि खडकांमधल्या डबक्यांत अडकलेले मासे, समुद्रकाकड्या, खेकडे तेव्हाच पाहावेत. उधाणाच्या दिवसांत ही वेळ दुपारची असते. याउलट अष्टमी मध्ये धरली तर भांगाचे दिवस येतात. पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाहही मंद, त्यामुळे तोंडात नळी धरून प्रवाळांवर तरंगत राहणाऱ्या नवशिक्याला ते अधिक सोयीचे. शिवाय रात्रीचाही विचार असतो. चांदणे हवे असेल तर पौर्णिमा. पाणी ढवळले की निळसर उजेड देणारे सूक्ष्म जीव पाहायचे असतील तर अमावास्येचा काळोख. दोघांपैकी एकाला चांदणे आणि दुसऱ्याला काळोख हवा असेल, तर तो वाद निघण्यापूर्वीच मिटवलेला बरा.

सूर्याचेही तिकडे वेगळे आहे. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच, पण बेटे मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश पलीकडे. त्यामुळे सूर्य मुंबईपेक्षा सव्वा तासाहून अधिक लवकर उगवतो आणि मावळतोही. डिसेंबरात तर सव्वापाचच्या आतच तो क्षितिजाखाली जातो. राधानगरच्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहण्यासाठी लोक दुरून येतात. 'चहा घेऊन साडेपाचला निघू' म्हणणाऱ्यांना तिथे पोहोचल्यावर अंधार आणि परतणारी माणसे भेटतात. पहाटे पाचला उठणे ज्याला शिक्षा वाटते त्याने ही बेटे निवडू नयेत, निदान पहाटे उठणाऱ्या मित्राबरोबर तरी निवडू नयेत.

एवढे झाल्यावर बोटींचा विचार, आणि सगळ्या बेताचा कणा तोच होय. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक सुमारे चाळीस किलोमीटर. खासगी वेगवान बोटी दीड-दोन तासांत जातात, सरकारी बोटींना थोडा अधिक वेळ लागतो, पण त्यांचे तिकीट स्वस्त असते आणि बहुतेकींत डेकवर उभे राहून वारा खाता येतो. नील तेवढेच दूर, आणि हॅवलॉकहून तर तासाभराचेच. कागदावर हे सगळे मुंबईच्या लोकलसारखे दिसते. तथापि बंगालच्या उपसागराला वेळापत्रकाची कदर नसते. वारा वाढला की बंदराचा अधिकारी बोटी थांबवतो, आणि त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. २०१६ च्या डिसेंबरात उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण होऊन वादळी वारे आणि मुसळधार पाऊस सुरू झाला, तेव्हा हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर हजाराहून अधिक प्रवासी काही दिवस अडकून पडले. अखेर नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजे व हवाई दलाची हेलिकॉप्टरे यांना त्यांच्या सुटकेसाठी जावे लागले. त्यांत कितीजणांची विमाने चुकली असतील, कितीजणांची औषधे संपली असतील, याची कल्पना करता येईल.

यातून एकच नियम निघतो, आणि तो मोडू नये. परतीच्या विमानाच्या आदली संपूर्ण तारीख मुख्य बेटावर काढावी. शनिवारी पोहोचणाऱ्यांनी रविवारी सकाळी हॅवलॉकला जावे, सोमवार, मंगळवार तिथे, बुधवारी नील, गुरुवारी दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, शुक्रवार मोकळा, शनिवारी विमान. गुरुवारची बोट रद्द झाली तरी शुक्रवार हाताशी राहतो. हा मोकळा शुक्रवार पाहून प्रवास-कंपनीचा कारकून हमखास म्हणेल, 'साहेब, एक दिवस वाया चाललाय, त्यात आणखी एक बेट बसवतो.' त्याला नम्रपणे नकार द्यावा. शुक्रवारी समुद्राने काही विघ्न आणलेच नाही, तर बंदरासमोरच्या रॉस बेटावर जाऊन यावे. १९४१ च्या भूकंपापर्यंत इंग्रजांचा कारभार तिथून चाले. आज त्यांच्या बंगल्यांच्या आणि चर्चच्या भिंती वडा-पिंपळांच्या मुळांनी कवटाळलेल्या आहेत, आणि हरणे माणसांना न भिता त्या अवशेषांतून हिंडतात.

मोकळ्या दिवसाला दुसरेही कारण आहे. ज्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचे आहे, म्हणजे स्कुबा करायचे आहे, त्यांनी ते आठवड्याच्या पूर्वार्धात उरकावे. पाण्याखालच्या दाबामुळे रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्यापूर्वी माणूस विमानात बसला, तर तिथल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊन सांध्यांना आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते. म्हणून शेवटची बुडी आणि विमान यांत किमान अठरा तास, आणि शक्यतो पूर्ण दिवसाचे अंतर ठेवतात. दमा, कानाचे दुखणे, हृदयविकार यांपैकी काही असेल तर ते शिक्षकाला आधी सांगावे. मित्रासमोर कमीपणा नको म्हणून दुखणे लपवणारे वीर असतात. पाण्याखाली त्या वीरश्रीचा उपयोग नाही.

आणि इथूनच मित्राचा प्रश्न सुरू होतो. सहलीचा बेत बहुधा पत्रातून किंवा फोनवरून ठरतो, आणि दोघांपैकी एक उदारपणे म्हणतो, 'अरे, तूच ठरव, मला काय, काहीही चालेल.' हे वाक्य मैत्रीचे वाटते, पण त्यात पुढच्या सगळ्या तक्रारींचे बी असते. काहीही चालणारा मनुष्य जगात नाही. त्याला काय चालत नाही हे तिसऱ्या दिवशी कळते, आणि तोवर खोल्यांचे पैसे भरलेले असतात. तेव्हा ठरवणाऱ्याने सर्व भार डोक्यावर घेऊ नये आणि दुसऱ्याने तो टाकू नये. रोजचा खर्च किती झेपेल, खोली एक की दोन, मासे खाणार की शाकाहारी जेवण शोधावे लागणार, रात्री पंखा की वातानुकूलन, घोरण्याची सवय आहे का, असे प्रश्न विचारताना संकोच वाटतो. तो संकोच आधी एकदा सोसावा. वीस वर्षांपूर्वी वसतिगृहात जो खिडकी उघडी टाकून झोपे, तो आज रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल. मित्र तोच असला तरी माणूस बदललेला असतो. पैशांच्या बाबतीत सामाईक पिशवी सर्वांत सोयीची. दोघांनी सारखी रक्कम घालावी, सामाईक खर्च त्यातून करावा, आणि कोणाला मसाज हवा असेल वा कोणाला दुसरे काही, तर तो खर्च ज्याचा त्याने सोसावा.

एक दिवस, निदान एक दुपार, दोघांनी वेगवेगळी घालवावी असेही ठरवून ठेवावे. एकाने हत्ती किनाऱ्याची बोट धरावी, म्हणजे प्रवाळांवर तरंगता येईल. दुसऱ्याने झाडाखाली पुस्तक वाचावे किंवा झोपावे. संध्याकाळी भेटल्यावर सांगायला दोघांपाशी काही असते. सात दिवस सतत बरोबर राहून एकमेकांच्या त्याच त्या गोष्टी ऐकण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मात्र पाण्याच्या बाबतीत ही मोकळीक नाही. दोघांपैकी एकाला पोहता येते आणि दुसऱ्याला येत नाही, ही स्थिती नित्याची. पोहणाऱ्याने न पोहणाऱ्याला आग्रह करून खोल नेऊ नये, आणि पोहणाऱ्यानेही एकट्याने, कोणी पाहत नसताना पाण्यात उतरू नये. विहिरीत आणि नदीत पोहणे आणि समुद्रात पोहणे यांत फरक आहे. शिवाय अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातली मगर राहते. २०१० साली हॅवलॉकच्या किनाऱ्यालगत प्रवाळ पाहणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा घटना विरळा आहेत, म्हणून भिऊन घरी बसण्याचे कारण नाही. पण इशाऱ्याची पाटी जिथे लावली आहे तिथे, ओढ्याच्या मुखाशी, आणि सांज झाल्यावर पाण्यात जाऊ नये, एवढे पथ्य दोघांनीही पाळावे. किनाऱ्यावर जाळी लावून पोहण्याचा भाग राखला असेल तर त्यातच राहावे.

आता तुरुंग. पोर्ट ब्लेअरचे सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, सुमारे सातशे एकांतकोठड्या, आणि प्रत्येक इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये. आज त्यांतील तीनच इमारती उरल्या आहेत. बाबाराव सावरकर आणि त्यांचे धाकटे बंधू विनायकराव हे दोघे इथे होते. विनायकराव १९११ च्या जुलैत 'महाराजा' आगबोटीने आले, आणि दोघांना १९२१ मध्ये हिंदुस्थानात हलवण्यात आले. बंगाल आणि पंजाबातले क्रांतिकारकही इथेच पिचले. त्यांची नावे भिंतीवरच्या फलकांवर रांगेने कोरलेली आहेत आणि ती सावकाश वाचावीत. बहुतेक प्रवासी हे ठिकाण शेवटच्या दिवसासाठी ठेवतात आणि उन्हाने करपलेल्या, विमानाची वेळ पाहणाऱ्या मनाने तासाभरात उरकतात. ते पहिल्या दुपारी पाहावे. तुरुंगाला भरती-ओहोटी लागत नाही, आणि पहिल्या दिवशी बोटीने कुठे जाणे तसेही शक्य नसते. गच्चीवर चढले की चहूकडे समुद्र दिसतो, आणि या तुरुंगाला खऱ्या अर्थाने कोट कोणता होता ते कोणी न सांगता कळते. बंद असण्याचा वार आणि संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची वेळ आधी विचारून ठेवावी.

बारातांगच्या चुनखडीच्या गुहा पाहण्याचा आग्रह पुष्कळ जण करतात. त्यासाठी पहाटे तीनला उठून, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने, पोलिसांच्या देखरेखीखाली मोटारींच्या तांड्यात बसून जावे लागते. वाटेत थांबणे, जारवांचे छायाचित्र घेणे, त्यांना खाऊ देणे, हे सर्व कायद्याने गुन्हा आहे. १९५६ सालच्या आदिवासी संरक्षण विनियमाचा हेतूच त्यांना बाहेरच्या संपर्कापासून जपण्याचा आहे. त्या तांड्यातल्या पुष्कळांचे डोळे गुहांपेक्षा रस्त्याच्या कडेला लागलेले असतात, ही गोष्ट लपून राहिलेली नाही. आठवड्याच्या बेतात हा दिवस न घातलेलाच चांगला.

सामानाविषयी फार सांगण्यासारखे नाही. सुती कपडे, ओळखपत्राच्या दोन प्रती, नेहमीची औषधे दोन-तीन दिवस जास्तीची, आणि बोट लागते त्यांनी त्यावरची गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी व बोटीच्या मध्यभागी बसावे. २०२० च्या ऑगस्टपासून समुद्राखालून टाकलेल्या तारेने बेटे चेन्नईशी जोडली गेल्यामुळे फोन आणि इंटरनेट पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. तरीही लहान बेटावर रोख पैसे जवळ असलेले बरे. परतताना शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा असे काही किनाऱ्यावरून उचलून पेटीत टाकू नये. प्रवाळ आणि शंखांच्या अनेक जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर पेट्यांची तपासणी होते. घरी मुलांसाठी काही न्यायचेच असेल, तर सागरिका या सरकारी विक्रीकेंद्रात नारळाच्या करवंटीच्या आणि लाकडाच्या वस्तू पावतीसह मिळतात.